साडेअकरा इंचाचा दस्ता

मंगळवारी दुपारी आईने त्याला दोन कामं सांगितली. न्हाणीघरातला बल्ब गेलाय, तो आण. आणि ते धूड घेऊन मिस्त्रीकडे निघालाच आहेस, तर तिथेच विकून ये. बल्ब तो आणणार होता.

घरात त्याला अर्ध्या म्हणत. नाव बाबांनी ठेवलेलं. आधी गिटार अर्ध्यात सोडली, मग पोहणं, मग इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. बाबांना विनोद सुचायला वर्षं लागतात, पण एकदा सुचला की ते तो झिजेपर्यंत वापरतात. शेजारी, वाणी, पेपरवाला, सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. एकविसाव्या वर्षी भर रस्त्यात कुणी ‘काय अर्ध्या’ म्हणून हाक मारली की जे वाटायचं ते वाटतं, आणि त्याला ते दिवसातून चारदा वाटायचं.

‘ते धूड’ म्हणजे आजोबांची दुनळी बंदूक. आजोबा सात महिन्यांपूर्वी गेले. मृत्युपत्रात घर बाबांना आणि बंदूक नातवाला लिहिलेली. ती नातवाने आयुष्यात पाहिलीही नव्हती. आजोबांच्या लोखंडी कपाटात ती कायम कुलपात असायची. परवाना नावावर करायला सहा महिने गेले. बाबा एकाही कचेरीत सोबत आले नाहीत. सहीला कागद पुढे केला की सही करायचे आणि हात धुवायला जायचे.

पण अर्ध्याला त्या बंदुकीत घराबाहेर पडायची वाट दिसली होती. गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबात मदतनीसाची एक जागा निघाली होती. पगार बेताचा, पण मैदानाच्या कडेला राहायला खोली. अट एकच. रविवारी सकाळी स्वतःच्या बंदुकीने, यंत्रातून उडणाऱ्या पंचवीस मातीच्या थाळ्यांपैकी वीस फोडायच्या. सराव म्हणून मारल्या त्यात त्याने नऊ फोडल्या होत्या आणि वरचा ओठही. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, इतका आखूड, की बार काढला की दर वेळी स्वतःच्याच अंगठ्याचं हाड नाकावर येऊन बसे.

क्लबातले सर त्याचा सुजलेला ओठ बघून म्हणाले होते, “बंदूक तुझी आहे की धाकट्या भावाची? दस्ता लांब करून घे. नाहीतर रविवारी येऊच नकोस, अॅम्ब्युलन्स बोलवायला लागेल.”

दस्ता आखूड का, हे त्याने घरी विचारलं होतं. बाबा म्हणाले, “आजोबा बुटके होते.”

आजोबा त्या घरातल्या प्रत्येक दारातून वाकून जात. त्यांच्या पँटी बाबांना दोनदा दुमडूनही लांब होत. मोठी माणसं खोटं बोलतात याचं अर्ध्याला काही वाटत नव्हतं. ती त्यासाठी जरासुद्धा मेहनत घेत नाहीत, याचा त्याला संताप यायचा.

*

बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं दुकान घड्याळवाल्याच्या मागच्या बोळात होतं. भरदुपारीही आत ट्यूबलाइट. जवसाच्या तेलाचा, लाखेचा आणि गंजाचा वास. मिस्त्रीने बंदूक घेतली, बिजागरीत मोडून उघडली, दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं, दोन्हीत करंगळी घालून फिरवली, मिटली. मग पुन्हा उघडून तेच सगळं परत केलं.

“दोनदा कशाला?” अर्ध्याने विचारलं.

“पहिल्यांदा बंदूक तपासतो. दुसऱ्यांदा स्वतःला.”

मग दस्त्याचं बूड अर्ध्याच्या कोपराच्या खोबणीत टेकवून त्याने बोट चापापर्यंत पोचतं कसं ते पाहिलं आणि टेप लावली. “साडेअकरा इंच. तुला साडेचौदा लागेल.” बुडाचा लोखंडी पत्रा काढला आणि दस्ता उजेडात धरला. लाकडावर करवतीचे दात स्पष्ट उमटले होते. “हा मुळात आखूड नाही. कापलाय. अकरा वर्षांच्या पोराचं माप आहे हे.”

“पोराला बंदूक?”

“लोक द्यायचे. बापाला हौस.” मिस्त्रीने खांदे उडवले. “घरात शोध. कापलेलं लाकूड कोणी टाकत नाही. पोरगं वाढलं की तेच तुकडे परत जोडतात. ते मिळालं तर रेघाला रेघ जुळेल. नाहीतर मी दुसरं अक्रोड लावीन आणि ते ठिगळासारखं दिसेल.”

एक मात्र आत्ताच बघू, म्हणाला. मापाची त्याची रीत जुनी होती. गिऱ्हाइकाने रिकामी बंदूक खांद्याला लावून थेट मिस्त्रीच्या उजव्या डोळ्यावर धरायची. मिस्त्री तीन पावलांवर उभा राहून नळीवरून उलटं बघणार. गिऱ्हाइकाचा डोळा नळीच्या पाठीवर नेमका बसला पाहिजे, बशीत लिंबू ठेवल्यासारखा. चापावर बोट न्यायचं नाही, ते बाजूला सरळ ठेवायचं. हे त्याने दोनदा बजावलं.

अर्ध्याने बंदूक धरली.

“मान वर घे,” मिस्त्री म्हणाला.

“वरच आहे.”

“अजून. डोळा खाली दिसतोय.”

“मिस्त्री, मान मोडेल आता.”

मिस्त्रीने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. वाकून बघितलं. “नळीच्या खाली डोळा आहे तुझा. दस्त्याला लागून.”

“तिथे माझी हनुवटी आहे!”

“तेच म्हणतोय मी,” मिस्त्री हळूच म्हणाला. मग स्वतःशीच पुटपुटला, की वय झालं, नंबर वाढला असेल.

*

आजोबांच्या खोलीत हत्यारांची पेटी होती, ती लोखंडी कपाटाच्या मागे अडकलेली. अर्ध्याने घामाघूम होत कपाट हातभर ओढलं. मागे एक बंद केलेलं दार निघालं. सगळ्या घराला चार वेळा रंग लागला होता, त्या चौकटीला एकदाही नाही. उघड्या लाकडावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या. दोन रांगा. एकीच्या वर ‘मोठा’, दुसरीच्या वर ‘धाकटा’. आजोबांचं अक्षर, आकडे अंकात लिहायचं सोडून अक्षरांत. मोठ्याच्या रांगेत आठ, नऊ, दहा, अकरा. धाकट्याच्या रांगेत सहा, सात, आठ, नऊ. दोन्ही रांगा तिथेच थांबलेल्या.

पेटीत एका लहान पोराच्या गंजीत गुंडाळलेल्या तीन चकत्या होत्या. अक्रोडाच्या, इंच-इंच जाडीच्या, खुंट्या बसवून तयार. प्रत्येकीवर तेच अक्षर. बारा. चौदा. सोळा.

तो खाली बसूनच राहिला. आजोबांनी पोराची पुढची पाच वर्षं आधीच करवतीने कापून, घासून ठेवली होती.

बाबा त्याला नेहमी एकुलते एक म्हणून माहीत होते. रात्रीच्या जेवणाला त्याने सरळच विचारलं, “बाबा, तुम्हाला मोठा भाऊ होता?”

बाबांचा घास हातातच राहिला. बाबांचे डोळे घारे, आजोबांसारखे. अर्ध्याने आईचे काळे घेतले होते. ते घारे डोळे ताटातून वर आले नाहीत. “होता. लहानपणीच तापाने गेला.”

“कोणाचा भाऊ?” आई म्हणाली. “चोवीस वर्षं झाली मला या घरात येऊन. मला कोणी...”

“दस्ता त्याच्यासाठी कापला होता?” अर्ध्या.

“तुला बल्ब आणायला सांगितला होता,” बाबा म्हणाले. “आणलास?”

तो विसरला होता.

“मग!” बाबा म्हणाले आणि हात धुवायला उठले. अंधारात त्यांचा पाय बादलीला लागल्याचा आवाज आला. अर्ध्याला हसू आलं नाही.

*

त्याला तिन्ही चकत्या एकदम हव्या होत्या. मिस्त्री ऐकेना. एक लावायची, सरस दिवसभर सुकू द्यायचा, माप बघायचं, मग दुसरी. “ज्याने कापल्या त्याने तशाच बसतील अशा कापल्यात. मला घाई करता येणार नाही.”

“रविवारी परीक्षा आहे माझी!”

“मग सोमवारी जन्मायचं होतंस,” मिस्त्री म्हणाला.

बुधवारी पहिली बसली. संध्याकाळी तो आणायला गेला. परत तेच, रिकामी बंदूक, तीन पावलं. या वेळी मिस्त्रीने चष्मा दोनदा पुसला.

“आता?”

“वर आलाय. तुझ्या... ओठांपाशी.”

“एक इंच दस्ता वाढला तर डोळा वर कसा येईल? काहीतरीच!”

“मला विचारू नकोस,” मिस्त्री म्हणाला. ते तो रागाने म्हणाला नाही, हेच अर्ध्याला खटकलं.

घरी येऊन त्याने चौकट पाहिली ती सहज. मोठ्याच्या रांगेत अकराच्या वर नवी रेघ होती. शेजारी ‘बारा’. त्याने बोट फिरवलं. बोटाला काळी भुकटी लागली. डोक्यात तिडीकच गेली. उभ्या आयुष्यात बाबांना पहिल्यांदाच दुसरा विनोद सुचला होता, आणि तो असा! तो तरातरा खाली गेला.

“भिंतीवर काय लिहिता हो तुम्ही? गंमत वाटते?”

बाबा वर आले. चौकटीसमोर उभे राहिले. त्यांनी रेघेला हात लावला नाही, हात मागेच बांधून ठेवले. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “कपाट होतं तिथे परत सरकव.”

“बाबा, हे तुम्ही...”

“सरकव म्हटलं ना.”

त्याने सरकवलं नाही. या घरात गोष्टी सांगण्यापेक्षा त्यांच्यापुढे कपाट ओढणं सगळ्यांना सोपं जायचं. तो ओढणार नव्हता.

गुरुवारी दुसरी चकती बसली. त्या संध्याकाळी मिस्त्रीने माप बघायचं टाळलं; डोळे दुखतात म्हणाला, पुढच्या वेळी बघू. शुक्रवारी दुपारी अर्ध्या आजोबांच्या खोलीत आरशासमोर रिकामी बंदूक खांद्याला लावायचा सराव करत होता. पडदे ओढलेले, बाहेर ऊन, कुठेतरी कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचा धप्प धप्प आवाज. बंदूक वर, गाल लाकडावर, खाली. वर, गाल, खाली. विसाव्या की एकविसाव्या वेळी त्याच्या लक्षात आलं, की गाल टेकायच्या आधीच लाकूड ऊबदार असतं. तो टेकवायचा ती जागा नव्हे. तिच्या दोन बोटं खाली. बसून उठून गेलेल्या माणसाची खुर्ची असते, तसं.

आणि वास येत होता. ओल्या केसांचा, साबणाचा... नुकत्याच न्हायलेल्या पोराचा.

त्याने बंदूक पलंगावर ठेवली. चौकटीवर ‘चौदा’ लिहिलेलं होतं.

तो पळाला नाही. तो चिडला. चार वाजता क्लबात जाऊन त्याने पंचवीस थाळ्यांवर बार काढले आणि दोन फोडल्या. सर बाजूला उभे होते. “प्रत्येक बार थाळीच्या हातभर खाली! कोण ओढतंय तुला खाली? डोळा कुठे ठेवतोस?” अर्ध्याला सांगता येईना, की डोळा त्याचा जागेवरच आहे. प्रश्न दुसऱ्याच्या डोळ्याचा आहे.

*

शुक्रवारी संध्याकाळी त्याने बाबांना आजोबांच्या खोलीत अक्षरशः दंडाला धरून आणलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

“तापाने कोणी असं वाढत नाही. सांगा.”

बाबा पलंगाच्या कडेला बसले. बोलायला लागले तेव्हा आवाज इतका साधा होता, की अर्ध्याला आधी कळलंच नाही ते काय सांगताहेत.

“सुट्टीचा दिवस होता. त्यांनी दस्ता कापून आणला, दादासाठी. दादा अकराचा, मी नऊचा. माप कसं बघतात ते दाखवलं आम्हाला. एकाने धरायची, एकाने समोरून डोळा बघायचा. मग कोणीतरी आलं म्हणून ते खाली गेले. जाताना म्हणाले, खेळा, रिकामी आहे.”

खाली आईने कसलं तरी झाकण ठेवलं. बाबा थांबले, परत लागले.

“आम्ही पाळ्या ठरवल्या. मी हट्ट केला, आधी मी. दादा म्हणाला बरं, आधी तू धर, मी बघतो. मग माझी पाळी, मग तू बघ.” त्यांनी तळवे गुडघ्यांवर घासले. “तो तिथे उभा होता. त्या चौकटीपाशी. मान वर कर म्हणाला... मान वर कर, तुझा डोळाच दिसत नाही...”

अर्ध्याने चौकटीकडे पाहिलं.

“एका नळीत काडतूस होतं. डाव्या. त्यांनी तपासलंच नव्हतं. नंतर मला जवळ घेऊन म्हणाले, दादा तापाने गेला. काय झालं? तापाने गेला. मी म्हटलं तापाने गेला. तसं वीस वेळा म्हणून घेतलं माझ्याकडून. मग कधी तो विषय निघाला नाही. कधीच.”

“आणि ती बंदूक त्यांनी ठेवली,” अर्ध्या म्हणाला. “तेल घालून. चकत्या जपून. आणि मला दिली.”

“हो.”

“नालायक माणूस.”

बाबांनी मान वर केली. अर्ध्याला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, “हो,” आणि मग, “तिसरी लावू नकोस.”

इथे कोणी शहाणा असता तर थांबला असता. पण अर्ध्याला त्या वाक्यात आयुष्यभराचं ऐकू आलं. हे करू नकोस, तुला जमणार नाही, अर्ध्यात सोड. त्या दोघा म्हाताऱ्यांनी जे चाळीस-पंचेचाळीस वर्षं कपाटामागे दडपलं, त्याचं भाडं त्याने का भरायचं? त्याची खोली त्याने का घालवायची? शनिवारी दुकान उघडायच्या आधीच तो बोळात जाऊन उभा राहिला.

मिस्त्रीने काम केलं, पण दिवसभरात एकही विनोद केला नाही. संध्याकाळी बंदूक मोडून दोन्ही नळ्यांत करंगळी घातली, मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मग तीन पावलं मागे गेला.

अर्ध्याने बंदूक खांद्याला लावली आणि त्याला पहिल्यांदा कळलं, बरोबर मापाची वस्तू म्हणजे काय. अंगठा नाकापासून लांब. मान सैल. बंदूक आपणहून वर आली, कुणी खालून हात दिल्यासारखी.

“बसला,” मिस्त्री म्हणाला. “अगदी नळीवर. बशीत लिंबू.” आणि तरी तो बघतच राहिला. “तुझे डोळे काळे आहेत ना रे?”

“हो.”

“हां,” मिस्त्री म्हणाला. त्याने बंदूक घेतली ती दोन बोटांनी. दस्त्यावरून अंगठा फिरवला, उजेडात तिरपी धरली, परत फिरवला. “जोड सापडत नाहीत. तिन्ही. एवढं चांगलं काम नाही रे मी करत.” पिशवी पुढे सरकवत तो म्हणाला, “परत आणू नकोस. काही बिघडलं तरी.”

*

रविवारी अर्ध्याने पंचवीसपैकी पंचवीस फोडल्या.

त्यातल्या त्याला चार-पाचच आठवत होत्या. बाकीच्या वेळी तो फक्त उभा होता. थाळी उडायची, खांद्याला हलकासा धक्का, आकाशात काळी धूळ. सरांनी पाठ थोपटली, खोलीची किल्ली हातात दिली आणि म्हणाले, “उद्यापासून. आणि बंदुकीला जप, अशी मापाची बसायला नशीब लागतं.” त्याने तिथेच नळ्या पुसल्या, दोनदा तपासली, पिशवीत घातली. येताना आठवणीने बल्ब घेतला. ते का सुचलं, त्याला कळलं नाही. निघून जायचं होतं तर निदान एक काम पूर्ण करून.

घरी आई नव्हती. बाबा वर होते, आजोबांच्या खोलीत. पडदे उघडलेले, खोली उन्हाने भरलेली. ते बंद दाराच्या चौकटीपाशी उभे होते. मोठ्याच्या रांगेत ‘सोळा’ होतं. बाबांच्या डोक्यापेक्षा चांगलं टीचभर वर.

“किती?” बाबांनी विचारलं.

“पंचवीस.”

“पंचवीसपैकी?” त्यांनी मान डोलावली. “म्हणजे अर्ध्या म्हणायची सोय गेली.”

अर्ध्याने बल्ब टेबलावर ठेवला. “मी आज जातोय.”

“जा. जायलाच हवं.” बाबांनी बंदुकीकडे बोट केलं. “त्याआधी मला माप बघू दे.”

“नको, बाबा.”

“त्याची पाळी राहिलीय.” आवाज परवाचाच, साधा. “मी घेतली माझी. त्याची राहिली. मला बघायचं होतं समोरून. तसं ठरलं होतं आमचं.”

अर्ध्याला ओरडावंसं वाटलं, की तुमची ठरवाठरवी माझ्या खांद्यावर कशाला? पण त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागितलं होतं. एक मिनिटाचं काम. रिकामी बंदूक, तीन पावलं, आणि मग ही खोली, हे घर, सगळं मागे. त्याने बंदूक काढली. मोडली. दोन्ही नळ्यांतून खिडकीचं ऊन पाहिलं. दोन्हीत करंगळी घातली, उजवी, डावी. मिटली. उघडली. पुन्हा उजवी. पुन्हा डावी. गार, गुळगुळीत, रिकामी. मिटली.

बोट चापापासून दूर, बाजूला सरळ. गाल लाकडावर. लाकूड ऊबदार होतं. या वेळी त्याच जागी.

बाबा वाकून नळीवरून बघू लागले. आधी एक डोळा बारीक केला, मिस्त्रीसारखा. मग त्यांचा चेहरा सुटत गेला. कपाळावरच्या आठ्या, गालांवरच्या सुरकुत्या, सगळं. नळीच्या टोकापलीकडे एक नऊ वर्षांचं पोर उभं असल्यासारखं वाटलं.

“दादा...” बाबा म्हणाले. “केवढा झालास तू...”

“बाबा, झालं. ठेवतो आता.”

“हां, दिसला... डोळा दिसला मला...”

अर्ध्याने बंदूक खाली घ्यायला हात हलवला. ती खाली आली नाही. त्याचं बोट अजून बाजूलाच होतं, सरळ, ते तो डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होता. आणि बोटाखाली पुढचा चाप हळूच मागे चालला होता. एकटा.

खट्.

उजवी नळी. रिकामी.

बाबा हलले नाहीत. पापणीसुद्धा नाही. मग मागचा चाप, डाव्या नळीचा... तोही निघाला. सावकाश. आधी तू, मग मी, असं ठरलेलं असलं की घाई कशाला.

अर्ध्याने सगळं बळ एकवटून अंगठा नळ्या उघडायच्या खिट्टीवर मारला आणि बंदूक गुडघ्यावर आपटून मोडली. गुडघ्यातून कळ गेली. तो खाली बसला. उजवी नळी पोकळ होती. डाव्या नळीच्या मागच्या तोंडाशी पितळेची चकती दिसत होती, कडेने हिरवी पडलेली. त्याने नखाने ओढली. लाल कागदाचं काडतूस बाहेर आलं, फुगलेलं, जुन्या बनावटीचं. असलं काडतूस त्याने क्लबात, दुकानात, कुठेच पाहिलं नव्हतं.

त्याच नळीत त्याची करंगळी फिरली होती. दोनदा.

“काय झालं?” बाबा म्हणाले. ते अजून तिथेच उभे होते, पाठ चौकटीला लावून, टाचा जुळवून, हनुवटी किंचित वर. लहान मुलं उभी राहतात तसे.

“काही नाही. बाजूला व्हा.”

“झाली का त्याची पाळी?”

अर्ध्याने काडतूस मुठीत घेतलं. खिशात खोलीची किल्ली मांडीला टोचत होती. उद्यापासून रोज या बंदुकीसमोरून माणसं ये-जा करणार होती. दस्ता आता बरोबर मापाचा झाला होता, पण अर्ध्याच्या मापाचा नव्हे, आणि तो कापून परत आखूड करायला जोडही उरला नव्हता.

त्याने उठून बाबांना दंडाला धरून बाजूला घेतलं. त्यांच्या टाळूवरच्या विरळ पांढऱ्या केसांत काळी भुकटी पडली होती. त्यांच्या डोक्यामागे, धाकट्याच्या रांगेत, ‘नऊ’च्या कितीतरी वर, बरोबर त्यांच्या उंचीला, पेन्सिलीची एक ताजी रेघ होती.

तिच्या शेजारी वय लिहायचं राहिलं होतं.